सी भाषेतल्या कमांड-लाइन पार्सरच्या युनिट टेस्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी मध्ये कमांड-लाइन पार्सर (प्रोग्रामला टर्मिनलवरून दिलेले ऑप्शन वाचणारा कोड) लिहिणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फंक्शनची नावं, ऑप्शन आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. कोडमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत येतील. उदाहरण सगळीकडे एकच आहे: फाइलच्या पहिल्या काही ओळी दाखवणारा छोटा प्रोग्राम. '-एन' ला ओळींची संख्या लागते, '-ओ' ला आउटपुट फाइलचं नाव, शिवाय '--व्हर्बोज', '--व्हर्जन', '--हेल्प' आहेत आणि शेवटी वाचायच्या फाइल्स.

१. पार्सर जेमतेम पन्नास ओळींचा आहे. चालवून बघितला की झालं, टेस्ट कशाला?

हाताने चालवताना आपण तेच इनपुट देतो जे चालणार हे आधीच माहीत असतं. '-एन १०' चाललं, आपण खूश. पण '-एन' शेवटी एकटंच राहिलं तर? '-एन १०एक्स' दिलं तर? '-एन' दोनदा आलं तर कोणती संख्या धरायची? बरोबर चालण्याचा रस्ता एक आणि चुकण्याचे वीस, आणि प्रत्येक बदलानंतर हे वीस रस्ते हाताने कोणीही तपासत नाही.

शिवाय पार्सर हा टेस्ट करायला खरं तर सर्वांत सोपा भाग. आत स्ट्रिंगची यादी जाते, बाहेर भरलेला स्ट्रक्ट किंवा एरर येतो. नेटवर्क नाही, डेटाबेस नाही. तरीही टेस्ट लिहिताना घाम फुटत असेल तर पार्सर स्वतःचं सोडून भलतीच कामं करतोय. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

२. माझं सगळं पार्सिंग मेनमध्येच आहे. सुरुवात कुठून करू?

पार्सिंग एका वेगळ्या फंक्शनमध्ये काढा आणि ते फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्याला आर्गसी (आर्ग्युमेंटची संख्या), आर्गव्ही (त्यांच्या स्ट्रिंगची यादी) आणि एका स्ट्रक्टचा पॉइंटर द्यायचा. स्ट्रक्टमध्ये ओळींची संख्या, आउटपुट फाइलचं नाव, व्हर्बोज आहे की नाही आणि फाइल्सची यादी कुठून सुरू होते एवढंच. फंक्शन एक ईनम (ठरावीक नावांपैकी एक व्हॅल्यू) परत देईल: सगळं ठीक, हेल्प मागितली, ऑप्शन अनोळखी, व्हॅल्यू दिलीच नाही, व्हॅल्यू चुकीची. त्याने काही छापायचं नाही, फाइल उघडायची नाही, आणि एक्झिट तर अजिबात करायचं नाही. मेनमध्ये मग उरतं काय? हे फंक्शन बोलवायचं, उत्तर बघून मेसेज छापायचा, आणि पुढचं काम सुरू करायचं किंवा बाहेर पडायचं.

वेगळी फाइल का, तर टेस्टच्या प्रोग्रामलाही स्वतःचं मेन लागतं. एकाच बिल्डमध्ये दोन मेन आले की लिंकर 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून थांबतो.

जुना कोड लगेच फोडता येत नसेल तर तात्पुरता तोडगा आहे: टेस्टच्या बिल्डमध्ये फक्त त्या एका फाइलला कंपायलरचा '-डी' फ्लॅग देऊन मेनचं नाव बदलायचं. मूळ मेन मग साधं फंक्शन होतं आणि टेस्टमधून बोलावता येतं. यात एक खाच आहे. मेनच्या शेवटी रिटर्न लिहिलं नाही तरी सी९९ पासून शून्य परत जातं, पण ही सवलत फक्त मेनला आहे. नाव बदललं की ती जाते आणि टेस्टला कचरा व्हॅल्यू मिळू शकते. तेव्हा रिटर्न स्पष्ट लिहा.

३. फ्रेमवर्क कोणतं घेऊ?

युनिटी (गेमवाली नव्हे) म्हणजे एक सी फाइल आणि दोन हेडर. प्रोजेक्टमध्ये टाकली की काम सुरू. मॉक (खऱ्या फंक्शनच्या जागी घातलेली खोटी फंक्शन) लागणार असतील तर सीमोका सोयीचं. चेक आणि क्रायटेरियन प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवू शकतात, त्यामुळे एक टेस्ट क्रॅश झाली तरी बाकीच्या थांबत नाहीत. प्रश्न २ मध्ये सांगितल्यासारखा पार्सर असेल तर माझं मत युनिटीला. जुना, क्रॅश होणारा, मधूनच एक्झिट करणारा कोड हातात असेल तर चेक.

निवडीत आठवडा घालवू नका. टेस्टमधली इनपुटची यादी कामाची असते. फ्रेमवर्क नंतर बदलता येतं.

४. नुसतं असर्ट वापरलं तर चालणार नाही का?

सुरुवातीला चालेल. पण रिलीज बिल्डमध्ये एनडीबग मॅक्रो दिला असेल तर असर्ट पूर्णपणे गायब होतं: तपासणीही जाते आणि कंसात लिहिलेला फंक्शन कॉलही जातो. म्हणजे टेस्ट प्रोग्राम काहीही न तपासता आनंदाने शून्य परत देतो. असर्ट वापरायचंच असेल तर टेस्टच्या फाइलमध्ये संबंधित हेडरच्या आधी एनडीबग रद्द करा.

दुसरी अडचण अशी की पहिल्या चुकीवरच प्रोग्राम बंद पडतो. चाळीसपैकी किती टेस्ट फेल आहेत हे कळत नाही.

५. टेस्टमध्ये आर्गव्ही कसा बनवायचा?

कॅरेक्टर पॉइंटरचा ॲरे करा, शून्याव्या जागी प्रोग्रामचं कुठलंही नाव, मग आर्ग्युमेंट, आणि शेवटी नल. शून्याव्या जागेचं नाव विसरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. गेटऑप्ट (ऑप्शन वाचणारं तयार लायब्ररी फंक्शन) एकपासून वाचायला सुरुवात करतो, त्यामुळे तुमचा पहिला ऑप्शन गुपचूप गिळला जातो आणि दोष पार्सरवर येतो.

शेवटचा नल ऐच्छिक नाही. आर्गव्हीमध्ये आर्गसी क्रमांकाच्या जागी नल असतो ही सी स्टँडर्डची हमी आहे आणि काही पार्सर आर्गसीकडे न बघता नल येईपर्यंत चालत राहतात. आर्गसी हाताने लिहू नका, साइझऑफ वापरून काढलात तर नलसाठी एक वजा करायला विसराल. सरळ एक छोटं फंक्शन लिहा जे नलपर्यंत मोजतं.

आणखी एक. स्ट्रक्टमधलं फाइलनाव बहुधा आर्गव्हीतल्याच स्ट्रिंगकडे बोट दाखवत असतं, त्याची प्रत नसते. खऱ्या प्रोग्राममध्ये आर्गव्ही शेवटपर्यंत जिवंत राहतो म्हणून चालून जातं. पण टेस्टच्या मदतनीस फंक्शनमध्ये लोकल बफरमध्ये स्ट्रिंग बनवून पार्सर बोलावलात आणि स्ट्रक्ट परत दिलात, तर ते बोट आता रिकाम्या जागेकडे आहे. तपासणी त्या फंक्शनच्या आतच करा, किंवा ॲरे बोलावणाऱ्याने द्यावा.

६. टर्मिनलवर नीट चालतं, टेस्टमध्ये मात्र सेगमेंटेशन फॉल्ट. असं कसं?

तुमचा पार्सर आर्ग्युमेंटची स्ट्रिंग बदलत असणार; बहुतेक स्ट्रटोक, किंवा 'नाव=व्हॅल्यू' फोडताना '=' च्या जागी शून्य बाइट लिहिणं. खऱ्या आर्गव्हीतल्या स्ट्रिंग बदलायला स्टँडर्डची परवानगी आहे. टेस्टमध्ये मात्र तुम्ही स्ट्रिंग लिटरल दिलेत आणि लिटरल बदलणं हे अनडिफाइंड बिहेवियर, म्हणजे काय होईल याची स्टँडर्ड हमी देत नाही. बहुतेक सिस्टिमवर ते फक्त-वाचनाच्या मेमरीत असतात, म्हणून क्रॅश.

उपाय दोन. टेस्टमध्ये प्रत्येक स्ट्रिंग स्ट्रडपने कॉपी करून द्या, किंवा पार्सरनेच स्ट्रिंगला हात लावणं बंद करावं. दुसरा मला जास्त आवडतो, कारण मेसेजमध्ये मूळ आर्ग्युमेंट जसंच्या तसं छापता येतं.

७. पार्सर चूक दिसताच एक्झिट करतो. टेस्टच बंद पडते. काय करू?

आधी एक धोका सांगतो, कारण यात मीही फसलोय. '--हेल्प' ची टेस्ट लिहिली. पार्सरने हेल्प छापली आणि शून्य कोडने एक्झिट केलं. टेस्टचा प्रोग्राम तिथेच संपला, पुढच्या सगळ्या टेस्ट चालल्याच नाहीत, आणि बिल्ड सर्व्हरला दिसलं काय? शून्य, म्हणजे पास. हिरवी खूण बघून मी कितीतरी दिवस निश्चिंत होतो. तेव्हा शेवटी 'इतक्या टेस्ट चालल्या' ही ओळ येते का आणि तो आकडा अपेक्षेइतका आहे का, हे बिल्डमध्येच तपासा.

खरा उपाय प्रश्न २ मधला: एक्झिटचा निर्णय मेनने घ्यावा. ते शक्य नसेल तर टेस्टमध्ये फोर्क करून पार्सर चाइल्ड प्रोसेसमध्ये चालवा आणि वेटपिडने त्याचा एक्झिट कोड घ्या. चेकमध्ये विशिष्ट कोडने एक्झिट होणं अपेक्षित आहे असं टेस्टलाच सांगता येतं. एक्झिटच्या जागी स्वतःचं फंक्शन घालून लाँगजंपने परत येणारेही आहेत. ते चालतं, पण अर्धवट सुटलेली मेमरी आणि उघड्या फाइल्स मग तुमच्या गळ्यात.

८. प्रत्येक टेस्ट एकटी चालवली तर पास, सगळ्या एकत्र चालवल्या की फेल. क्रम बदलला की निकालही बदलतो. गेटऑप्ट वापरतोय.

गेटऑप्टची स्थिती ग्लोबल व्हेरिएबलमध्ये असते. कुठपर्यंत वाचून झालं हे ऑप्टइंडमध्ये राहतं. पहिल्या टेस्टनंतर तो चारवर असेल तर दुसरी टेस्ट चौथ्या आर्ग्युमेंटपासून सुरू होते. तिथे काहीच नसतं, म्हणून 'ऑप्शन दिलेच नाहीत' असं उत्तर येतं.

तेव्हा पार्सिंग सुरू करण्याआधी रीसेट करायचं. पॉझिक्सप्रमाणे (युनिक्ससारख्या सिस्टिमचं स्टँडर्ड) ऑप्टइंड १ करणं ही नेहमीची पद्धत, पण ती पुरी पडत नाही. '-एबीसी' असे जोडून लिहिलेले ऑप्शन वाचत असताना मधेच एरर आली आणि तुम्ही लूपमधून बाहेर पडलात, तर 'बी' च्या पुढे वाचायचं राहिलंय हे गेटऑप्टच्या पोटात दडलेला पॉइंटर लक्षात ठेवतो. ऑप्टइंड १ केल्याने जीलिबसीमध्ये (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) तो पुसला जात नाही. पुढच्या टेस्टमध्ये तो जुन्या, कदाचित मोकळ्या केलेल्या मेमरीतून वाचतो. जीलिबसीमध्ये पूर्ण रीसेटसाठी ऑप्टइंड ० करा; मसल या दुसऱ्या सी लायब्ररीतही हे चालतं. बीएसडी आणि मॅकवर ऑप्टरीसेट १ आणि ऑप्टइंड १.

हे रीसेट टेस्टच्या सेटअपमध्ये नको, पार्सरच्या पहिल्या ओळीत ठेवा. नाहीतर उद्या कोणी कॉन्फिग फाइलमधली ओळ त्याच पार्सरला देईल आणि हाच बग खऱ्या प्रोग्राममध्ये भेटेल.

९. गेटऑप्ट तर जगभर वापरलं जातं. ते मी का टेस्ट करायचं?

गेटऑप्ट नका करू, तुम्ही ते कसं वापरलंय ते करा. गेटऑप्टला दिलेल्या ऑप्शनच्या स्ट्रिंगमध्ये 'एन' नंतरचं विसर्गचिन्ह (कोलन, म्हणजे 'याला व्हॅल्यू लागते') विसरलात तर गेटऑप्ट आज्ञाधारकपणे '-एन' ला व्हॅल्यू नाही असं समजेल.

काही वागणूक तुम्ही न मागता मिळते, तीही टेस्टमध्ये पकडून ठेवावी. गेटऑप्ट लाँग मोठ्या ऑप्शनची अर्धवट नावं स्वीकारतो: '--व्हर्ब' चालतं, '--व्हर' मात्र व्हर्बोज आणि व्हर्जन दोन्हींना लागू पडतं म्हणून नाकारलं जातं. म्हणजे आज वापरकर्त्याच्या स्क्रिप्टमध्ये चालणारं अर्धवट नाव उद्या तुम्ही नवा ऑप्शन घातलात की बंद पडू शकतं.

जीलिबसीचा गेटऑप्ट आर्गव्हीचा क्रमही बदलतो. 'फाइल -एन ५' दिलं तर वाचता वाचता फाइल मागे ढकलतो. एकच ॲरे दोन टेस्टना दिलात तर दुसरीला वेगळाच क्रम मिळतो. त्याच्या घोषणेत कॉन्स्ट लिहिलेलं असलं तरी पॉइंटर हलतात, म्हणून टेस्टमधला ॲरे खराखुरा कॉन्स्ट ठेवू नका. पॉझिक्सली करेक्ट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असेल, किंवा ऑप्शनची स्ट्रिंग '+' ने सुरू होत असेल, तर हे पुनर्रचनेचं काम बंद होतं आणि पहिल्या फाइलनावाशीच ऑप्शन संपतात. मसलचा साधा गेटऑप्ट मुळातच क्रम बदलत नाही. 'माझ्या मशीनवर पास, दुसरीकडे फेल' चं हे एक नेहमीचं कारण.

१०. '-एन' ला संख्या लागते. टेस्टमध्ये नेमके कोणते इनपुट द्यावेत?

पार्सरमधले निम्मे बग इथे असतात, म्हणून जरा सविस्तर.

एटोआय (स्ट्रिंगची संख्या करणारं फंक्शन) वापरत असाल तर आधी ते काढा. 'एबीसी' ला ते शून्य देतं, '०' लाही शून्य. फरक कळायचा मार्गच नाही, आणि संख्या इंटमध्ये मावत नसेल तर वागणूक अनडिफाइंड. अशा फंक्शनची टेस्ट लिहून काय सिद्ध करणार?

स्ट्रटोएल घ्या. त्याच्याभोवती चार गोष्टी कराव्या लागतात आणि प्रत्येकीसाठी एक टेस्ट हवी. बोलावण्याआधी एररनो (लायब्ररी फंक्शन एररचा कोड ज्यात ठेवतात ते व्हेरिएबल) शून्य करणं: स्ट्रटोएल यशस्वी झाला तरी जुना एररनो पुसत नाही. टेस्टमध्ये मुद्दाम एररनोमध्ये ईरेंज ('संख्या मावत नाही' हा कोड) भरून मग '५' पार्स करा. पाच यायला हवेत. एंड पॉइंटर (वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा) सुरुवातीलाच अडकलाय का: रिकामी स्ट्रिंग, नुसती स्पेस, नुसतं '-', आणि 'एबीसी'. एंड पॉइंटर शेवटापर्यंत पोचलाय का: '१०एक्स', '१०' नंतर स्पेस, '१.५'. आणि मर्यादा.

मर्यादांमध्ये लोक हमखास चुकतात. ६४ बिटच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटचा असतो, इंट ३२. '२१४७४८३६४८' दिलं तर स्ट्रटोएलला काहीच वावगं वाटत नाही, ईरेंज येत नाही. मग तुम्ही ते इंटमध्ये भरता आणि हातात ऋण संख्या येते. ६४ बिटच्या विंडोजवर मात्र लाँग ३२ बिटचाच, त्यामुळे तिथे त्याच इनपुटला ईरेंज येतो. दोन्हीकडे उत्तर सारखं हवं असेल तर इंटची मर्यादा स्वतः तपासा आणि टेस्टमध्ये २१४७४८३६४७, २१४७४८३६४८ आणि वीस-पंचवीस आकड्यांची एक लांब संख्या, तिन्ही ठेवा.

सुरुवातीची स्पेस आणि '+' स्ट्रटोएल चालवून घेतो. ते तुम्हाला चालतं का हे ठरवा आणि टेस्टमध्ये लिहा. बेस शून्य दिला असेल तर '०१०' म्हणजे आठ, आणि '०८' मध्ये शून्य वाचून गाडी आठवर अडते. वापरकर्त्याला ऑक्टल अपेक्षित नसेल तर बेस दहा द्या.

११. मग संख्या ऋण येऊच नये म्हणून स्ट्रटोयूएल वापरतो. तेवढं पुरे ना?

उलट जास्त धोका. स्ट्रटोयूएल '-१' नाकारत नाही. उलटं करून अनसाइन्ड लाँगची सर्वांत मोठी संख्या देतो, आणि तीही कुठल्याही एररशिवाय. ओळी दाखवा उणे एक, की प्रोग्राम अब्जावधी ओळी दाखवायला निघाला. स्ट्रटोएल वापरून शून्यापेक्षा लहान आहे का ते बघा.

१२. दशांश संख्येची टेस्ट एका मशीनवर पास होते, दुसऱ्यावर नाही.

लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग. स्ट्रटोडी दशांशचिन्ह चालू लोकेलप्रमाणे धरतो. प्रोग्रामने सेटलोकेल बोलावून एन्व्हायर्नमेंटमधलं लोकेल घेतलं असेल आणि तिथे दशांशासाठी स्वल्पविराम असेल, तर '१.५' मधला फक्त एक वाचला जातो. टेस्टमध्ये लोकेल स्पष्ट ठरवा. जाता जाता 'नॅन' (संख्याच नाही), 'इन्फ' (अनंत) आणि हेक्समधल्या दशांश संख्या यांच्याही टेस्ट टाका, कारण स्ट्रटोडी त्या स्वीकारतो आणि नॅनची कुठलीही लहान-मोठी तुलना खोटी ठरते. 'शून्यापेक्षा लहान असेल तर नाकारा' ही तपासणी नॅनला अडवत नाही.

१३. '-५' ही संख्या आहे की ऑप्शन?

कुठे आली त्यावर. '-एन -५' मध्ये गेटऑप्ट '-५' ला '-एन' ची व्हॅल्यू समजतो. ती नाकारणं तुमच्या संख्येच्या तपासणीचं काम. एकटी '-५' आली तर तो ऑप्शन, आणि बहुधा अनोळखी. याचीच जुळी केस: '-एन -ओ निकाल'. इथे '-एन' ची व्हॅल्यू '-ओ' ठरते, 'निकाल' वाचायची फाइल होते. एरर 'व्हॅल्यू दिली नाही' अशी नसून 'व्हॅल्यू चुकीची' अशी येते, हे टेस्ट लिहिताना ध्यानात ठेवा.

१४. नुसतं '-' आणि नुसतं '--' यांचं काय?

दोन वेगळ्या टेस्ट. '--' नंतरचं सगळं फाइलनाव, मग ते '-एन' सारखं दिसत असलं तरी. एकटं '-' हा ऑप्शन नाही. स्टँडर्ड इनपुट वाचा असा त्याचा रूढ अर्थ आहे. पॉझिक्सच्या नियमावलीत हे १० व्या आणि १३ व्या नियमात येतं. '-ओ --' मध्ये '--' ही '-ओ' ची व्हॅल्यू होते, शेवटची खूण नाही. हाताने लिहिलेले पार्सर इथे घसरतात.

१५. अवतरणचिन्हं आणि '*' यांच्या टेस्ट कशा लिहू?

लिहू नका. युनिक्ससारख्या सिस्टिमवर ती शेलची कामं. तुमच्या पार्सरपर्यंत अवतरणचिन्हं पोचतच नाहीत आणि '*' च्या जागी फाइलनावं येतात. टेस्टमधल्या आर्गव्हीत अवतरणचिन्हं टाकलीत तर ती नावाचाच भाग समजली जाणार, आणि तसं झालं तर ते बरोबरच आहे. रिकामी स्ट्रिंग मात्र जरूर द्या. शेलमध्ये नुसती दोन अवतरणचिन्हं दिली की खरोखर शून्य लांबीचं आर्ग्युमेंट येतं, आणि 'पहिलं अक्षर डॅश आहे का, मग दुसरं बघा' असा कोड तिथे चुकू शकतो.

१६. एरर मेसेज तपासावेत का?

पूर्ण मजकूर नको. स्वल्पविराम बदलला म्हणून टेस्ट फेल झाली की लोक टेस्टकडे दुर्लक्ष करायला शिकतात. ईनम तपासा, आणि चुकीच्या ऑप्शनचं नाव मेसेजमध्ये आहे का एवढं बघा.

गेटऑप्ट स्वतःच स्टँडर्ड एररवर मेसेज छापतो; ते बंद करायला ऑप्टएरर ० करा. ऑप्शनची स्ट्रिंग विसर्गचिन्हाने सुरू केलीत तर छापणं बंद होतंच, शिवाय 'व्हॅल्यू नाही' ला विसर्गचिन्ह आणि 'अनोळखी' ला प्रश्नचिन्ह असं वेगळं उत्तर मिळतं. मेसेज छापणाऱ्या फंक्शनला फाइल पॉइंटर द्या, म्हणजे टेस्टमध्ये ओपन मेमस्ट्रीमने तो मेमरीत पकडता येईल.

१७. माझा प्रोग्राम आर्ग्युमेंट नाही, स्टँडर्ड इनपुटवरून ओळी वाचतो. तिथे काय?

वाचणाऱ्या फंक्शनला स्टँडर्ड इनपुट गृहीत धरू देऊ नका. फाइल पॉइंटर पॅरामीटर म्हणून द्या. टेस्टमध्ये एफमेमओपनने स्ट्रिंगचीच फाइल बनते. विंडोजवर ते नाही, तिथे तात्पुरती फाइल लिहून रिवाइंड करा.

८० बाइटचा बफर घेऊन एफगेट्सने वाचत असाल तर ७८, ७९ आणि ८० अक्षरांच्या ओळी द्या. ७८ अक्षरं आणि न्यूलाइन बरोबर मावतात. ७९ मध्ये न्यूलाइन मागे राहते आणि पुढच्या वाचनात रिकामी ओळ म्हणून उगवते. मग शेवटी न्यूलाइन नसलेली फाइल: 'शेवटचं अक्षर कापा' असा कोड इथे खरं अक्षर कापतो. ओळीच्या सुरुवातीला शून्य बाइट असेल तर लांबी शून्य येते आणि 'लांबी वजा एक' ही जागा बफरच्या बाहेर जाते. विंडोजची दोन अक्षरी ओळसमाप्तीही विसरू नका.

स्कॅनएफने संख्या वाचत असाल तर 'एबीसी' देऊन बघा. अक्षरं इनपुटमध्येच राहतात आणि 'पुन्हा प्रयत्न करा' चा लूप कधीच थांबत नाही.

१८. मराठीत फाइलनाव दिलं तर पार्सर बिघडतो.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट १२७ पेक्षा मोठा. कॅर साइन्ड असेल तर हे बाइट ऋण होतात, आणि इझडिजिट, इझअल्फा यांना ऋण संख्या देणं (ईओएफ सोडून) अनडिफाइंड. मायक्रोसॉफ्टच्या डीबग बिल्डमध्ये तिथेच असर्ट उडतं, बाकी ठिकाणी नुसता योगायोगाने चालतो. आधी अनसाइन्ड कॅरमध्ये बदला. देवनागरी नावाची एक टेस्ट कायम ठेवा. मराठी माणसाने ती विसरणं बरं दिसत नाही. संख्येच्या जागी देवनागरी आकडे आले तर साध्या 'सी' लोकेलमध्ये स्ट्रटोएल ते ओळखत नाही, तेव्हा व्यवस्थित एरर यायला हवी.

१९. आर्गसी शून्य असू शकतो का? प्रोग्रामचं नाव तर असतंच.

असू शकतो. नवा प्रोग्राम सुरू करणाऱ्या एक्झेक कुटुंबातल्या फंक्शनना रिकामी यादी दिली की झालं. 'एकपासून लूप सुरू करा' असं लिहिणारा कोड मग नल ओलांडून पुढे वाचतो. दुसऱ्या वापरकर्त्याच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या पीकेएक्सेक या प्रोग्राममध्ये नेमकं हेच होतं: २००९ पासून असलेला हा दोष जानेवारी २०२२ मध्ये उघड झाला आणि साध्या वापरकर्त्याला त्यातून रूटचे, म्हणजे सिस्टिमवरचे सगळे अधिकार मिळत होते. लिनक्स ५.१८ पासून कर्नल रिकाम्या यादीत एक रिकामी स्ट्रिंग घालतो, पण तुमचा प्रोग्राम जुन्या कर्नलवरही चालेल. टेस्ट एका ओळीची आहे: आर्गसी शून्य, ॲरेमध्ये फक्त नल.

२०. स्टॅटिक फंक्शन कशी टेस्ट करायची?

टेस्टच्या फाइलमध्ये मूळ सी फाइलच इन्क्लूड करा. दिसायला ओंगळ, पण चालतं. मात्र स्टॅटिक फंक्शनसाठी टेस्ट लिहायचा मोह वारंवार होत असेल, तर ते स्वतःच्या फाइलमध्ये जायला तयार झालंय. संख्या वाचणारं फंक्शन (प्रश्न १०) जवळपास नेहमीच.

२१. तीस टेस्ट एकसारख्याच दिसतात. कॉपी-पेस्टचा कंटाळा आलाय.

टेबल करा: आर्ग्युमेंट, अपेक्षित उत्तर, अपेक्षित संख्या, आणि एक नाव. एक लूप सगळ्या ओळी चालवतो. नाव हवंच, नाहीतर 'शून्य अपेक्षित होतं, तीन मिळालं' एवढंच छापून येतं आणि ओळ शोधत बसावं लागतं. लूपमध्ये पहिलं अपयश आलं की युनिटी ती टेस्ट तिथेच सोडते, म्हणून मेसेज घेणारी तपासणी वापरून ओळीचं नाव द्या.

टेबलमध्ये अटी घुसवू नका. 'ही ओळ असेल तर एन्व्हायर्नमेंटही बदला' असं झालं की ती टेस्ट बाहेर काढून वेगळी लिहा.

२२. कव्हरेज १०० टक्के आलं. झालं ना?

जीकॉव्ह (कव्हरेज मोजणारं टूल) ओळ चालली का ते सांगतो, उत्तर बरोबर होतं का ते नाही. '-एन १०' ची एक टेस्ट स्ट्रटोएलची ओळ हिरवी करते. '२१४७४८३६४८' चा बग तिथेच हिरव्या ओळीत बसलेला असतो. माझी पद्धत: कोडमधलं एक '<' हाताने '<=' करायचं, किंवा एररनो शून्य करणारी ओळ काढायची, आणि टेस्ट चालवायच्या. एकही फेल झाली नाही तर ती जागा उघडी आहे.

टेस्ट नेहमी ॲड्रेस आणि अनडिफाइंड सॅनिटायझर (मेमरीच्या चुका आणि अनडिफाइंड बिहेवियर चालताना पकडणारी कंपायलरची सोय) लावून चालवा. प्रश्न ५ मधलं लटकतं बोट बऱ्याचदा 'बरोबर' उत्तर देतं, सॅनिटायझरशिवाय ते दिसणार नाही.

२३. फझिंग करावं का?

फझिंग म्हणजे आपोआप बनवलेलं उलटसुलट इनपुट देत राहणं. पार्सर बाहेरचं, अविश्वासू इनपुट घेत असेल तर नक्की. लिबफझर बाइटचा एक तुकडा देतो; तो शून्य बाइटवर फोडून आर्गव्ही बनवा. दर फेरीत गेटऑप्ट रीसेट व्हायला हवा (प्रश्न ८), आणि पार्सर एक्झिट करत असेल तर लिबफझर त्यालाच चूक मानून थांबतो (प्रश्न ७). सापडलेलं प्रत्येक क्रॅश इनपुट टेबलमध्ये नाव देऊन टाका.

२४. इंटेलवर सगळ्या टेस्ट पास, एआरएमवर पहिलीच टेस्ट अडकून बसते.

गेटऑप्टचं उत्तर कॅरमध्ये ठेवलंय का बघा. ऑप्शन संपले की तो -१ देतो. एआरएम लिनक्सवर कॅर अनसाइन्ड असतो; -१ चा २५५ होतो, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप चालूच राहतो. व्हेरिएबल इंट करा. हे इंटेलवरच पकडायचं असेल तर एक जादा बिल्ड '-एफअनसाइन्ड-कॅर' फ्लॅग देऊन चालवा.

२५. टेस्टच्या मेनमधून फेल झालेल्या टेस्टची संख्या परत दिली तर चालेल?

युनिटी आणि सीमोका दोन्ही ती संख्या हातात देतात, त्यामुळे लोक सरळ रिटर्नला जोडतात. पण युनिक्सवर पालक प्रोसेसला एक्झिट कोडचे खालचे आठच बिट मिळतात: २५६ टेस्ट फेल झाल्या की कोड शून्य, बिल्ड पास. टेबल मोठं असेल आणि प्रत्येक ओळ वेगळी टेस्ट म्हणून मोजत असाल तर हा आकडा तितका दूर नाही. शून्य असेल तर ०, नाहीतर १, एवढंच परत द्या.